साखळी तपासून

भाऊंची डावी धमनी आता स्वच्छ आहे.
डॉक्टर पारिखांनी पडद्यावर दाखवली:
आधीची, गाळ धरलेल्या मोरीसारखी,
आणि ही नंतरची.
"एकदम चोख्खी," ते म्हणाले, गुजरातीत.
मानेवर अकरा टाके,
शर्टाचं वरचं बटण लावलं की दिसत नाहीत.

सहाव्या आठवड्यात भाऊ
खंडेराव मार्केटला भेंडी आणायला गेले
आणि एका रिक्षावाल्यानं त्यांना
पाणीगेटहून घरी आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत त्यानं.
हा माणूस बडोद्याच्या सिटी सर्व्हेत बत्तीस वर्षं होता.
कुणाचा ओटा रस्त्यात किती इंच आलाय
हे जेवताना सांगायचा,
कुणी न विचारता.

तपासणीच्या खोलीत शंभरातून सात वजा करायचे होते.
बाई गुजरातीत विचारत होत्या, भाऊ मराठीत उतरत होते.
शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
आणि थांबले,
विश्वामित्रीच्या पुलावर स्कूटर बंद पडावी
आणि माणसानं मगर बघायलाच उभा आहे असं दाखवावं, तसे.
मी ओठांतल्या ओठांत म्हणाले, बहात्तर.
ते त्यांना ऐकू गेलं.
"सांगू नकोस, वच्छे!"
वच्छी त्यांची बहीण. मी सुनेत्रा.

"काहींचं होतं असं," डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांचं नाही."
मग त्यांनी नाव घेतलं, नाव कसलं, नंबरच: ई-चार.
एकोणिसाव्या गुणसूत्रावरची एक नोंद.
असते सगळ्यांकडे,
कुणाकडे जराशी वेगळी उतरलेली.
ती असली तर मेंदूला अशा धक्क्यातून सावरायला
कदाचित जड जातं.
'कदाचित' त्यांनी तीनदा वापरला.
मी मोजला.
भाऊंकडे ती एक आहे.
म्हणजे माझ्याकडे असायची शक्यता आठ आणे.
आईची बाजू धरलेलीच नाही.
आईला शेवटपर्यंत सगळ्यांचे वाढदिवस पाठ होते,
आणि सगळे अपमान.

लहानपणी भाऊ मला मोजणीला न्यायचे, मकरपुऱ्याकडे.
लोखंडी साखळी, शंभर कड्यांची.
उतरण्याआधी ते ती जमिनीवर पसरून
दोन खुंट्यांच्या मध्ये ताणून बघायचे.
वापरून वापरून कड्या झिजतात, म्हणायचे,
साखळी केसभर लांब होते.
मग तू कितीही नीट मोज,
प्रत्येक शेत थोडं थोडं खोटं.
चूक जमिनीत नसते, साखळीत असते,
आणि तिच्यावरून जो पुढचा नकाशा काढतो
त्याला ती दिसतच नाही.

एक छोटं खोकं फ्रीजवर पडून आहे,
लाइटबिलाच्या खाली.
आत काडी. गालाच्या आतून फिरवायची, बस्.
मी कुरिअरवाल्याकडून घेतलं तेव्हा
रेवती बारावीचं बायोलॉजी पाठ करत होती.
माझे आठ आणे खरे निघाले तर तिचेही आठ.
तोवर तिचे चार.
तिनं विचारलं, कशाचं पार्सल?
मी म्हणाले, मिक्सरचं भांडं.

काळ्या घोड्याच्या सिग्नलला आकडे उलटे पळतात.
मी त्यांच्याशी शर्यत लावते:
नव्वद, त्र्याऐंशी, शहात्तर,
एकोणसत्तर, बासष्ट,
मागचा हॉर्न वाजवतो.

काल रात्री दोन वाजता भाऊ पॅसेजमध्ये उभे,
भिंतीला हात लावून.
मला वाटलं बाथरूम सापडत नाहीय.
"धर," म्हणाले, आणि मूठ पुढे केली.
मुठीत काही नव्हतं.
मी धरलं.
ते पुढे चालत गेले, सावकाश, स्वयंपाकघरापर्यंत,
मधली हवा ताणून.
ताण कमी झाला की हात हलवून सांगत होते
आणि मी, काय करणार, मागे सरकत होते.
मग अंधारातून त्यांचा ऑफिसातला आवाज आला,
स्वच्छ, बत्तीस वर्षांपूर्वीचा:
"सुनेत्रा, साखळी तपासलीस का?"

फ्रीज गुणगुणत होता. वर ते खोकं.

"हो भाऊ," मी म्हणाले.
"बरोबर आहे."